कुठे सापडला, एवढं तरी विचारा

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी पावणेसातला आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. चिखलानं भरलेला तळहात आणि त्यावर सुपारीएवढा एक गोल दगड. खाली एकच शब्द, 'सुपारी'. पाठवणारा आमचा गिरडचा मित्र. तसे आम्ही सहाही जण समुद्रपूर तालुक्यातले, एकाच वर्गात शिकलेलो. पण बारावीनंतर कुणी पुण्याला गेलं, कुणी हिंगणघाटला, कुणी वर्ध्याला, मी नागपूरला. गावात राहिला तो एकटाच. म्हणून माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'गिरडवाला' या नावानं सेव्ह आहे. इथंही तेच नाव वापरते.

तर फोटो आला. पाचही जणांनी पाहिला. दोघांनी अंगठा दिला, एकानं 'भारी' लिहिलं. मी तेवढंही केलं नाही, कारण मी बस पकडायला पळत होते. दहा मिनिटांनी कुणीतरी एक रील टाकलं, त्यावर सगळे पोट धरून हसलो आणि तो दगड वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

त्यानंतर गिरडवाल्यानं चार महिने ग्रुपवर काहीच टाकलं नाही. आणि खरं सांगते, चार महिने आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मैत्रीवर लिहायचं म्हटलं की तरुणांच्या पानावर फ्रेंडशिप डे, ब्रेकअप, 'टॉक्सिक' माणसं हे विषय हमखास येतात. मला आज त्याहून साध्या गोष्टीबद्दल लिहायचंय. मित्र आपल्याला काहीतरी दाखवतो, तेव्हा आपण काय करतो?

टेकडीवरची सुपारी

दिवाळीत घरी गेले आणि एक दिवस गिरडला जाऊन आले. टेकडी लांबूनच दिसते. वर बाबा फरीद यांचा दर्गा. हिंदू-मुस्लिम दोघंही पिढ्यान् पिढ्या इथं नवस बोलायला, फेडायला येतात. मोहरमच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या भागात लहानपणी गिरडला न गेलेलं पोर सापडणं कठीण. आणि गिरडला गेलेल्या प्रत्येक पोरानं टेकडीवर वाकून दगड वेचलेले असतात. सुपारीसारखे, जायफळासारखे, काही तर थेट छोट्या नारळासारखे.

त्यामागची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. दोन फिरते व्यापारी माल घेऊन इथून जात होते. त्यांनी फकिराची थट्टा केली. फकिरानं त्यांच्या सगळ्या मालाचा दगड केला. व्यापारी गयावया करू लागले तेव्हा त्यानं वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघं मग जन्मभर तिथंच सेवेत राहिले. ही गोष्ट नुसती तोंडी नाही. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या १८७० च्या गॅझेटिअरमध्ये ती गिरडच्या नावाखाली छापलेली आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी सरकारी माणूस आला, गावकऱ्यांना 'हे दगड असे कसे?' असं विचारलं आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं.

भूशास्त्राचं उत्तर वेगळं आहे, पण तेही ऐकण्यासारखं आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर लाव्हा पसरला. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि त्या जागी पोकळ्या राहिल्या. नंतर कढत, क्षार विरघळलेलं पाणी खडकातून झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं साचत गेली. भोवतीचा काळा खडक झिजला, आतली गाठ तशीच राहिली आणि ती सुटून बाहेर पडली. आपण तिला सुपारी म्हणतो. झिओलाइट या शब्दाचा अर्थ 'उकळणारा दगड'. १७५६ मध्ये क्रॉनस्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड तापवला, तो फसफसला, म्हणून त्यानं हे नाव ठेवलं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. त्यावर कॉलेजात एक असाइनमेंटही केलं होतं. त्या असाइनमेंटबद्दल पुढं सांगते, कारण तिथं माझी चूक आहे.

टेकडीवर बसलो तेव्हा मी त्याला विचारलं, "काहून रे, ग्रुपवर काही टाकत नाहीस आजकाल?"

तो हसला. म्हणाला, "टाकून काय करू वं? तुम्ही पाह्यता अन् अंगठा देऊन मोकळे होता. मले वाटे, कोनी तं विचारन कुठी सापडला म्हणून. कोनीच नाही विचारलं."

"त्यात काय विचारायचं? टेकडीवरचाच असणार."

"तेच तं. तो टेकडीवरचा नव्हताच. आमच्या वावराच्या खालच्या नाल्यात सापडला होता. पुरानं काठ खचला, त्याच्यातून निघाला."

मी गप्प झाले. कारण जुलैत त्याला एका शब्दाचं उत्तर न देणाऱ्या मी तोच फोटो सप्टेंबरमध्ये असाइनमेंटमध्ये वापरला होता. खाली लिहिलं होतं, 'गिरड टेकडीवरील दगड. स्रोत: इंटरनेट'. चार शब्द माहितीचे आणि त्यात जागा चुकीची, मालक गायब. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. मला ते पाठ होतं. पण मित्राचा फोटो ही 'बातमी' नव्हती ना, मग कशाला विचारायचं?

मी त्याला सांगून टाकलं. त्याला राग आला नाही, आणि तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "नाव नाही टाकलं तं नाही टाकलं. जागा तं बरोबर टाकाची होती."

नागपूरचे दोन मित्र

नागपूरला परतल्यावर ते दगड काही डोक्यातून जाईनात. वाचत गेले आणि दोन मित्रांची गोष्ट सापडली. खरं तर हे नाव नागपुरात रोज कानावर पडतं, कारण त्याच्या नावाचं कॉलेज आहे. पण हिस्लॉप कॉलेजमधला हिस्लॉप कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये नागपूरला आला, शाळा काढली. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हा दुसरा मिशनरी त्याच्या जोडीला आला. दोघांचं काम धर्मप्रसाराचं आणि शिकवण्याचं. पण दोघांना एक छंद होता, खाली बघत चालण्याचा. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी इथं फिरताना त्यांना दगडात अडकलेले जीवाश्म सापडले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकाळी तळी होती, त्या तळ्यांतल्या गोगलगायींचे शंख आणि भोवतालच्या झाडांचे अवशेष. तिथून पुढे दोघं थांबलेच नाहीत. एकानं दाखवायचं, दुसऱ्यानं विचारायचं, परत दोघांनी जाऊन बघायचं. १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूरच्या भूशास्त्रावरचा निबंध छापून आला, दोघांच्या नावानं.

आणि ही लागण दोघांपुरती राहिली नाही. नागपूरच्या छावणीतले काही अधिकारीही दगड शोधू लागले. सँकी नावाचा इंजिनिअर होता, वॉपशेअर नावाचा कॅप्टन होता. हे लोक आपल्याला सापडलेलं हिस्लॉपला आणून दाखवायचे. पुढे हिस्लॉपनं त्या गोगलगायींची शास्त्रीय नावं ठेवली, तेव्हा एका जातीला सँकीचं आणि एका जातीला वॉपशेअरचं नाव दिलं. टाकळीकडच्या एका खनिजाला हॉटन या शास्त्रज्ञानं 'हिस्लॉपाइट' म्हटलं आणि आणखी एकाला 'हंटराइट'. म्हणजे या मित्रमंडळाची हजेरी नागपूरच्या दगडांमध्येच लागलेली आहे.

तुम्ही म्हणाल, ते गोरे साहेब, त्यांना वेळही होता आणि सोयही. बरोबर आहे. आणि त्यांच्या गोष्टीत एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हिस्लॉपनं गोंडांची लिंगोची गाथा एका परधान गायकाकडून उतरवून घेतली. आज तो कागद अभ्यासकांसाठी मोलाचा आहे. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉपचं नाव आहे, संपादकाचं आहे, त्या गायकाचं नाही. ज्यानं दिलं त्याचं नाव गळलं. माझ्या 'स्रोत: इंटरनेट'पेक्षा हे फार वेगळं आहे का?

पण याच पुस्तकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप टाकळघाटला गेला होता, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत. तिथली हजारो वर्षांपूर्वीची शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या लोकांच्या दफनाच्या जागा, बघायला. टेंपल पुढे निघून बोरीच्या मुक्कामी आले. हिस्लॉप गावातली शाळा बघायला मागे थांबला. रात्री परतताना वाटेतल्या नाल्याला पूर आलेला. घोडा एकटाच मुक्कामी पोचला. हिस्लॉपचं प्रेत मग पाण्यात सापडलं. त्याच्या मागे राहिले ते अर्धवट कागद, टिपणं, शब्दांच्या याद्या. टेंपल यांनी ते सगळं गोळा केलं, नीट लावलं आणि १८६६ मध्ये छापलं. मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचे हिस्लॉपचे लेख म्हणून ते आजही वाचले जातात. मित्र गेल्यावर त्याच्या वह्या उघडून बघणारं कुणीतरी होतं, म्हणून ते उरलं.

आपल्या फोनमध्येही मित्रांचे असे कागद पडलेले आहेत. फोटो, ऑडिओ, 'हे बघ काय दिसलं' असे मेसेज. आपण त्यातलं किती उघडलंय?

फॉरवर्ड करणारा कोण असतो?

मी फोनविरोधी नाही. फोन नसता तर गिरडवाल्याचा दगड माझ्यापर्यंत आलाच नसता. हिस्लॉप-हंटरला नमुन्यांची पेटी लंडनला पोचायची महिनोन् महिने वाट बघावी लागली. आपल्याला तीन सेकंद लागतात. प्रश्न वेगाचा नाही. आपण एकमेकांना नेमकं काय पाठवतो, हा आहे.

आमचा ग्रुप मी एक दिवस वर वर सरकवत नेला. मागच्या महिन्याभराचं बघितलं. रील, मीम, सरकारी भरतीची पीडीएफ, 'हे खरं आहे का?' म्हणून आलेला व्हिडिओ, वाढदिवसाचे केक. सहा जणांपैकी कुणीही त्या महिन्यात स्वतः काय पाहिलं, काय केलं, कशाचा कंटाळा आला, हे लिहिलेलं नव्हतं. रोज बोलतो आम्ही, आणि कोण कसं जगतंय ते कुणालाच माहीत नाही.

२०१८ मध्ये अफवांमुळे लोकांचे जीव जाऊ लागले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपनं पुढे ढकललेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का मारायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवांसाठी ते गरजेचंच होतं. पण त्या शिक्क्याकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. त्याचा अर्थ असा की, हे पाठवणाऱ्याचं नाही. त्याला यातलं काही विचारू नका, त्याला सांगता येणार नाही. कुठलं आहे, कधीचं आहे, कुणी काढलंय, काहीही नाही. फॉरवर्डवर प्रश्न विचारता येत नाही, म्हणून तिथं अंगठा पुरतो. पण मित्राच्या स्वतःच्या फोटोला आपण तोच अंगठा देतो, तेव्हा त्यालाही फॉरवर्डच्या रांगेत बसवतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही वागणूक सगळ्यांना सारखी मिळत नाही. आमचा पुण्याचा मित्र पहिल्यांदा मेट्रोत बसला, त्यानं फोटो टाकला, तर दोन दिवस चर्चा चालली. तिकीट किती, गर्दी असते का, एसी आहे का, सगळे प्रश्न आम्ही विचारले. गिरडवाल्यानं रात्रीच्या जागलीतून एक ऑडिओ पाठवला होता, अडतीस सेकंदांचा. तो आमच्यापैकी एकानंही ऐकला नव्हता. का? कारण आमच्या डोक्यात पक्कं बसलंय की गावात नवीन काय असणार. जो बाहेर पडला त्याच्याकडे बातमी आहे. जो राहिला त्याच्याकडे फक्त 'काय, पाऊस आहे का?' असं विचारण्यापुरतं काम.

आता जरा त्याच्या बाजूनं विचार करा. वय बावीस. दिवसभर वावरात. सोबतचे सगळे गेलेले. रात्री रानडुकरं पराटीत, तुरीत शिरू नयेत म्हणून माळ्यावर एकटा जागत बसलेला. तेव्हा त्याला काहीतरी ऐकू येतं आणि ते कुणाला तरी ऐकवावंसं वाटतं. तो फोन काढतो, रेकॉर्ड करतो, पाठवतो. निळ्या टिक येतात आणि पलीकडून काहीच नाही. असं किती वेळा झाल्यावर माणूस पाठवायचं बंद करेल? विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोरांना बोलायला माणूस नाही, असं आपण भाषणांत ऐकतो, लेखांत वाचतो. आमच्याकडे तो माणूस व्हायची संधी रोज फोनवर येत होती.

तो ऑडिओ मी दिवाळीनंतर ऐकला. आधी नुसता वारा. मग पिंगळ्यांची जोडी, एकमेकांवर ओरडल्यासारखी. शेवटी त्याचा स्वतःचा आवाज, अगदी हळू, "ऐकलं का?"

शेणातलं गवत

"पण प्रत्येक दगडात काय एवढं बघायचं? सगळ्यांनीच काहीबाही टाकायला लागलं तर वाचायचं किती?" असं आमच्या ग्रुपमध्येच एकीनं विचारलं. रास्त प्रश्न आहे. कुणाला रोजच्या चहाच्या कपाचे फोटो नको असतात.

तिला मी पिसदुऱ्याचं उदाहरण दिलं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे हे गाव आहे. तिथं डायनोसॉरच्या हाडांसोबत त्यांच्या विष्ठेचे दगड सापडतात. सरळ भाषेत, दगड झालेलं शेण. दिसायला इतके साधे की पायानं उडवून पुढे जावं. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताच्या पेशींमधले सूक्ष्म सिलिका कण दाखवले. तोपर्यंत बहुतेकांचा समज असा होता की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, ते नंतर आलं. आमच्या बाजूच्या शेणानं तो समज बदलला, आणि हे जगातल्या नावाजलेल्या 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं.

माझा मुद्दा असा नाही की आपल्या मित्राचा प्रत्येक दगड 'सायन्स'मध्ये छापला जाईल. बहुतेक दगड दगडच निघतात. पण कोणता साधा आहे आणि कोणता नाही, हे अंगठ्यानं कळत नाही. त्यासाठी कुणीतरी 'कुठे?' असं विचारावं लागतं. गिरडवाल्याचा दगड टेकडीवरचा असता तर हजारांतला एक. तो नाल्याच्या खचलेल्या काठातून निघाला, म्हणजे तोच खडक त्याच्या वावराखालीही आहे. ही गोष्ट त्याला माहीत होती. आम्हाला ती समजायला चार महिने आणि एक चूक लागली.

आणि उद्या कुणी असं काही पाहिलंच, तर एक विनंती. ते खिशात घालून आणू नका. गिरडच्या टेकडीवरून जो तो मूठभर नेत राहिला तर पुढच्या पोरांना वाकून वेचायला काय उरेल? फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, दगड तिथंच राहू द्या. दाखवायला तेवढं पुरतं.

आम्ही काय केलं

दिवाळीनंतर आमच्या ग्रुपमध्ये एक साधा नियम ठरला. रविवारी प्रत्येकानं स्वतःचं एक काहीतरी टाकायचं. स्वतः पाहिलेलं, केलेलं, ऐकलेलं. सोबत जागा आणि वेळ. आणि बाकीच्यांपैकी किमान एकानं प्रश्न विचारायचा. अंगठा चालणार नाही.

खोटं कशाला सांगू, तिसऱ्याच रविवारी नियम मोडला. परीक्षा होत्या, एकाला ओव्हरटाइम होता. एका रविवारी तर फक्त दोघंच होतो. पण पूर्ण बंद पडलं नाही, आणि मार्चमध्ये जे झालं त्यामुळे आता ते बंद पडेल असं वाटत नाही.

आमचा एक मित्र वर्ध्यात पोलिस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे मैदानावर धावतो. त्यानं एका रविवारी मैदानाच्या कडेचा फोटो टाकला. खडे आणि माती, बाकी काहीच नाही. आधीचे आम्ही असतो तर 'काय आहे हे?' असंही न विचारता पुढे गेलो असतो. यावेळी विचारलं. त्यानं लिहिलं, "नीट पहा." मोठं करून बघितलं तेव्हा दिसलं, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी. टिटवीची. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि ती दिसू नयेत एवढी खड्यांसारखी असतात. मग प्रश्नांची झड लागली. पाय पडला असता तर? टिटवी कुठाय? किती दिवसांत फुटतात? हिंगणघाटच्या मैत्रिणीनं आपल्या आजीला विचारलं, तर आजीचाच उलटा प्रश्न आला, "उंचावर घातली का खोलगटात?" कारण टिटवीनं उंच जागी अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर कमी, असा जुन्या लोकांचा अंदाज. तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम जागा बघून आला. किंचित उंचावर होती. आजी खूश.

त्यानं सोबतच्या पोरांना सांगून धावायची पट्टी थोडी सरकवली. साधारण चार आठवडे आम्ही सहा जण आणि एक आजी त्या चार अंड्यांची रोज चौकशी करत होतो. तीन पिल्लं निघाली. चौथ्या अंड्याचं काय झालं ते कळलं नाही.

या चार आठवड्यांत मला आणखी एक कळलं. तो मित्र गेल्या वर्षी भरतीत थोडक्यात राहिला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते त्यानं टिटवीच्या गप्पांच्या ओघात सांगितलं. थेट 'कसा आहेस?' विचारलं की सगळे 'मस्त' म्हणतात. अंड्यांबद्दल विचारलं की माणूस बोलायला लागतो.

माझ्या असाइनमेंटचं म्हणाल, तर मी सरांना भेटून दुरुस्ती दिली. मार्कांवर काही फरक पडला नाही. फोटोखाली आता लिहिलंय, गिरड शिवारातल्या नाल्याच्या काठी सापडलेला दगड, जुलै महिना. आणि ज्याचा फोटो त्याचं नाव. इथं ते छापत नाही, कारण तो म्हणाला, "पेपरात नको टाकू वं, गावातले चिडवतात."

मागच्या रविवारी त्याचा फोटो आला. मातीत काहीतरी वळवळलेल्याची लांब, नागमोडी खूण. खाली एक शब्दही नाही. पाच मिनिटांत चार प्रश्न गेले. कुठे? केव्हाचं? साप होता का? किती लांब?

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "थांबा बे जरा. बैलाले पाणी पाजतो, मंग सांगतो."